घंटा विझेपर्यंत

३ मार्च, सोमवार

बायको म्हणते, घरात तुम्ही चार शब्दसुद्धा बोलत नाही, निदान वहीत तरी बोला. बोलण्यासारखं काही घडायला तर हवं. सकाळी कारखाना, संध्याकाळी घर, मध्ये हातोडी. तरी आज एक गोष्ट घडली म्हणून लिहितो.

मॅनेजरबाईंनी वर बोलावलं. नव्या ट्रामची पहिली गाडी ताब्यात देताना एक छोटं पुस्तक काढायचं आहे, कारखान्याच्या इतिहासाचं. "इथे सगळ्यांत जुने तुम्ही आणि ओतारी. ओतारी काही लिहिणार नाहीत, म्हणजे तुम्हीच." मी म्हटलं, बाई, मी तपासनीस. हातोडी मारून चाक धड की फुटकं, एवढंच मला कळतं. त्या म्हणाल्या, "मग इतिहासावरही मारून बघा." बाई बोलण्यात तयार आहेत. बाहेरून आल्या, पण उगाच कुणाला टोचून बोलल्या नाहीत. फक्त कपाळावरच्या आठ्या आल्या त्या दिवसापासून गेलेल्या नाहीत.

कारणही तसंच आहे. रेल्वेच्या डब्यांची शेवटची मागणी कधीच संपली. डब्यांच्या मोठ्या शेडमध्ये आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. हातात आहेत त्या बारा ट्राम. त्या वेळेवर आणि धड गेल्या तर घेणारे आणखी चाळीस घेतील. नाहीतर दरवाज्याला कुलूप. हे कुणी भाषण करून सांगितलेलं नाही, पण झाडणाऱ्या बाईपासून सगळ्यांना ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीत हल्ली पत्तेसुद्धा निघत नाहीत.

थकलो. इतिहास उद्यापासून.

५ मार्च, बुधवार

इतिहास राहिला. आज घंटा.

आमच्याकडे एक रीत आहे. नव्या ट्रामची घंटा पहिल्यांदा वाजवायची ती शेडच्या मधोमध, दोन खांबांवर टाकलेल्या लोखंडी दांड्याला टांगून. वाजवायची मी. तेव्हा अख्ख्या शेडमधलं काम जिथल्या तिथे थांबतं. करवत, घण, पंखेसुद्धा बंद. ठोका पडला की मागे नाद लांबत जातो, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. ते पार संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. संपलं की मी म्हणतो, "विझली." मग काम सुरू. दांड्याला कुणी हात लावायचा नाही, हात लागला की नाद बसतो. शेपूट जितकं लांब तितकी घंटा चांगली.

ओताऱ्याने पहिली घंटा आणली. ओतशाळेच्या कोपऱ्यात तो एकटाच कांसं वितळवतो, साचे तोच करतो, घासतोही तोच. आम्ही एकाच आठवड्यात इथे लागलो. त्याच्या हातची घंटा मी परत पाठवल्याचं मला आठवत नाही.

आज मारली आणि ठक्! दगडावर मारल्यासारखी. शेपूट म्हणाल तर उंदराचंही नाही. मी डोळे उघडून म्हटलं, "विझली." तर कुणी हलेना. सगळे पुतळ्यासारखे उभे, माझ्याकडे बघत. मी पुन्हा म्हटलं, "अरे विझली म्हणतो ना! कामाला लागा." तेव्हा एकेक जण हलला, तोही इकडेतिकडे बघत. काम टाळायला काही तरी निमित्त हवं यांना.

घंटेवर खडूने फुली मारली. ओतारी ती काढून घेऊन गेला. मला वाईट वाटलं. पण मी मैत्रीकडे बघून फुली खोडायला लागलो तर माझं काय राहिलं?

८ मार्च, शनिवार

अर्धा दिवस सुट्टी. मुलीने शिट्टीची किटली पाठवली आहे, पाणी उकळलं की वाजते म्हणे. ही शेजारी गेली होती. मी चहाचं ठेवलं आणि बसलो वाट बघत. किटली वाजायचं नाव नाही. शेवटी जळका वास आला तेव्हा उठलो, तळ लाल झालेला. नवीन वस्तूंमध्ये दम म्हणून राहिला नाही. हिला सांगितलं तर ती किटलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "असू दे. जुनंच भांडं बरं."

हिची एक नवी तऱ्हा. जेवताना इतकी वर्षं शेजारी बसायची, आता समोर येऊन बसते. म्हटलं, का गं? म्हणे, उजेड चांगला येतो. शिवाय ओट्याकडे तोंड करून पुटपुटत असते आणि मग, "ऐकलंत का?" म्हणून माझ्यावरच येते. भिंतीशी बोललेलं मी कसं ऐकणार?

यंदा खिडकीत पाखरंही कमीच दिसतात. म्हणजे दिसतात, पण गप्प.

११ मार्च, मंगळवार

ओताऱ्याने दुसरा घाणा काढला. चार घंटा. चारही ठक्.

आता माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणालो, "कांस्यात काय मिसळतोयस? की हात म्हातारे झाले तुझे?" राग नव्हता त्याच्या तोंडावर, असता तर बरं वाटलं असतं. मग म्हणाला, "असतील झाले."

बाईंनी वर बोलावून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला घंटेतलं कळत नाही. तुम्ही नाही म्हणालात की नाही. पण मग ही ओतशाळा मी कशाकरता चालू ठेवू? घंटा बाहेरून तयार मिळतात. महिनाअखेरपर्यंत बघते." ओताऱ्याची बायको वारली, मूल नाही. त्या भट्टीशिवाय त्याला घर असं नाहीच. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन भट्टीजवळ बसतो.

पण मी काय करू? घंटा वाजत नाही, तिला वाजते म्हणू?

१५ मार्च, शनिवार

आज नेटाने इतिहासाला बसलो. जे लिहिलं ते इथे उतरवतो, बाईंना पुढे नीट करून देईन.

हा कारखाना एका गाडीवाल्याने काढला. भाड्याच्या घोडागाड्या बनवायचा. चाकं चांगली म्हणून नाव झालं. मग रस्त्यात रूळ आले, रुळांवरून घोडे ट्राम ओढू लागले, आणि त्याने घोडागाडीच लांब करून तिला ट्राम म्हटलं. पहिल्या ट्रामची दारं इतकी अरुंद होती म्हणतात, की जाड माणसाला आडवं होऊन शिरावं लागे. मग रेल्वे. पहिल्या वर्गाचे डबे, आरसे, पितळी कड्या, मखमलीच्या बैठका. शंभर सुतार होते तेव्हा. लढाईच्या काळात मखमल काढून त्याच डब्यांत जखमींसाठी खाटा बसवल्या. ते डबे परत आले तेव्हा लाकूड घासूनही डाग निघाले नाहीत, जाळून टाकावं लागलं. मग लाकूड गेलं, पोलाद आलं. सुतार गेले, रिव्हेटवाले आले.

माझे वडील रिव्हेटवाले. लाल तापलेला खिळा पत्र्यातून घालायचा आणि दोन्हीकडून घण. डब्याच्या आत बसून दिवसभर ते ऐकायचं. पाच-सहा वर्षांत माणूस ठार बहिरा. कारखान्यात सगळ्यांत शांत जेवण रिव्हेटवाल्यांचं असे, सगळं बोलणं हातांनी. वडील घरीही कमीच बोलत. मी शाळेतलं काही सांगायला गेलो तर मान हलवत, आणि मला कळे की यांना काही कळलेलं नाही. मला त्यांची लाज वाटायची, हे बाईंच्या पुस्तकात जाणार नाही. रिव्हेटवर मीही सुरुवातीला तीन वर्षं होतो, पण त्यातून निसटलो आणि तपासनीस झालो. कानांवर पोट भरणारा झालो. लोक मला कानसाहेब म्हणायला लागले. दर वर्षी कान तपासून घ्यायचा नियम आहे, पण आधीचे मॅनेजर हसून म्हणायचे, कानसाहेबाचे कान कोण तपासणार? तो कागद माझ्यापुरता बंदच झाला.

घंटेच्या वेळी गप्प राहायची रीत मालकाने घातली असं म्हणतात. मला वाटतं, रिव्हेटवाल्यांनी. घण थांबायचे ते तेवढ्याच वेळी. एकदा वडील मला ट्राम बघायला घेऊन आले होते. गाडीवर बसवलेली घंटा वाजली, सगळे स्तब्ध, आणि वडील मात्र पुढे जाऊन ट्रामच्या दाराजवळचा लोखंडी खांब तळव्याने धरून उभे. बाकी सगळे कामाला लागले तरी यांचा हात तिथेच. शेवटी हसून काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहिऱ्या माणसाने ऐकल्याचं सोंग कशाला करायचं?

२२ मार्च, शनिवार

हाताखाली एक बाई दिली आहे, विजेच्या खात्यातली. हिला सगळं यंत्राने मोजायचं असतं, म्हणून मीटरवाली. कामाला वाघीण आहे, नाव ठेवायला जागा नाही. चाकं तपासताना माझ्या समोर उभी राहते. मी हातोडी मारतो आणि फुटकं चाक असलं की तिचे ओठ आवळले जातात, माझ्या मनात येण्याआधीच. शिकली म्हणायची. हल्ली तर मला तिच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

आज घंटांच्या ढिगापाशी मीटर घेऊन आली. म्हणाली, "साहेब, या चांगल्या आहेत. यंत्र सांगतंय." मी म्हटलं, यंत्राला सांग, तपासनीस मी आहे. ती बोलणार होती. मग ओताऱ्याने दुरूनच हात हलवला आणि ती गप्प झाली. म्हणजे आता या दोघांचं काही तरी शिजतंय. माझ्या माघारी माझ्या कामावर बसून बोलणार.

पाच घंटा फुलीच्या ढिगात पडून आहेत. पहिल्या ट्रामला रंग लागला, बाक बसले, फक्त घंटेची जागा मोकळी आहे. चालकाच्या पायाखालचं ते रिकामं भोक दिसलं की जीव टांगणीला लागतो.

२८ मार्च, शुक्रवार

मिळाली!

ओताऱ्याने नवी घंटा आणली. आधीच्यांपेक्षा मोठी, जाड, दोन्ही हातांनी उचलून. मी मारली आणि तिने काय आवाज दिला! खोल, भरलेला, छातीत उतरणारा. शेपूट लांबतंच राहिलं. मी डोळे मिटून उभा होतो आणि मला रडू येईल की काय वाटलं. इतके दिवस मला वाटत होतं की कारखानाच मुका झाला.

"विझली," म्हटलं. या वेळी लगेच हलले सगळे.

खडूने बरोबरची खूण केली आणि ओताऱ्याला मिठीच मारली. म्हटलं, "मनात आणलंस की जमतं की नाही? उगाच मला वाईट केलंस." तो हसला, पण अर्धंच. "पास ना?" म्हणाला. मी म्हटलं, बाराही अशाच ओत. त्याला चहा आणून दिला. त्याने कप तसाच ठेवला होता, साय धरली.

आज घरी बडबडत होतो. हिला घंटेचा आवाज तोंडाने काढून दाखवला. ही हसत होती आणि डोळे पुसत होती.

३ एप्रिल, गुरुवार

काही विशेष नाही. पाच घंटा झाल्या. झोप चांगली लागते आहे. इतिहास ट्रामचे रूळ उखडले तिथपर्यंत आला. जुन्या ट्रामची त्या काळी लोकांनी कोंबड्यांची खुराडी केली. हे बाईंना आवडेल की नाही माहीत नाही, मी ठेवतो.

९ एप्रिल, बुधवार

सगळं मुसळ केरात.

घेणाऱ्यांचा माणूस आला होता. ट्राम आवारातल्या रुळांवर फिरवली. ब्रेक बघितले, दारं बघितली, खूश होता. मग चालकाच्या जागी बसून पायाने घंटा वाजवली आणि तोंड वाकडं केलं. उतरून रस्त्याच्या बाजूला उभा राहिला, दुसऱ्याला वाजवायला लावली. म्हणाला, "ही देवळातली आहे का? रस्त्यावर गाड्यांच्या गोंगाटात हिचा घुमारा कुणाला ऐकू येणार? माणसं रुळावर येतील. आराखड्यात लहान घंटा आहे, चढ्या आवाजाची." आणि जाता जाता फुलीच्या ढिगातली एक उचलून नखाने टिचकी मारली, कानाशी धरली. "ही तर उत्तम आहे. ही का नाही लावलीत?"

शेडमध्ये सगळे खाली बघायला लागले. मी म्हणालो, ती नापास आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, जसं वेड्याकडे बघतात तसं नव्हे, आजाऱ्याकडे बघतात तसं. या खरेदीवाल्यांना काय कळतं?

बाईंनी विचारलं, "साचा कुणी बदलला?" ओतारी पुढे झाला. "मी." "का?" "वाटलं म्हणून." "कुणाला विचारून?" "कुणाला नाही." एवढंच. मी पास केली हे तो बोलला असता तरी चाललं असतं, मीच म्हणालो, पास मी केली. बाई म्हणाल्या, "तुम्ही आवाज तपासता. आराखडा सोडून ओतलं ते त्यांनी." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, फक्त फार दमलेल्या दिसल्या. बारा ट्रामना दहा दिवसांची मुदत वाढवून मिळाली, घंटा बाहेरून आणायच्या, ओतशाळा महिनाअखेर बंद. ओताऱ्यालाही तेव्हाच निरोप.

मी त्याला गाठलं. म्हटलं, "शहाण्या, साचा बदलायची अवदसा का आठवली तुला?"

तो म्हणाला, "तुला आवडली ना?"

याला काय उत्तर म्हणायचं? रागाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभराचं काम एका लहरीपायी घालवलं याने.

१० एप्रिल, गुरुवार

हे कसं लिहू कळत नाही. पण हिच्याशी बोलायच्या आधी लिहून ठेवतो.

संध्याकाळी सगळे गेल्यावर शेडमध्ये थांबलो. त्या माणसाची "उत्तम आहे" डोक्यातून जाईना. म्हटलं, एकदा शेवटची खात्री करू, उद्या बाईंना पुन्हा ठणकावून सांगायला बरं. ढिगातली घंटा घेतली, दांड्याला टांगली, मारली. ठक्. दुसऱ्यांदा मारली. ठक्. पाय दुखत होते, दिवसभर उभा होतो. तोल सावरायला म्हणून दांडा धरला.

दांडा थरथरत होता.

मला वाटलं, माझाच हात कापतोय. दुसरा हात लावला. दोन्ही तळव्यांत मुंग्या. घंटा माझ्या लेखी केव्हाच विझलेली, आणि लोखंड थरथरतच होतं. बराच वेळ. मग हळूहळू बारीक होत गेलं आणि थांबलं. मी पुन्हा मारली, कान लावून, श्वास धरून. ठक्, आणि पुढे शांतता. आणि हातांत ते लांबच लांब शेपूट.

पाचही मारून बघितल्या. पाचही वाजतात.

किटली वाजत होती. पाखरं ओरडत होती. माणसं काम टाळत नव्हती, ती घंटा ऐकत होती, आणि मी मध्येच "विझली" म्हणून ओरडत होतो. सगळ्या शेडला माहीत होतं. एक मी सोडून.

शरमेने मान वर होत नाही. वडिलांसारखा झालो, हे नाही खुपत. वडिलांना निदान स्वतःला माहीत होतं. आणि त्या दिवशी खांब धरून ते सोंग करत नव्हते.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सरळ ओतशाळेत. तो साचे फोडत होता, आता ठेवून काय करायचे म्हणून. मला बघून थांबला. मी त्याच्या तोंडासमोर उभा राहिलो. आता कळतं, हल्ली मी सगळ्यांच्या तोंडासमोरच उभा राहतो.

"केव्हापासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मागच्या हिवाळ्यापासून. तुझ्या मागून हाक मारली, तू वळला नाहीस."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून काय? तपासनिसाला कमी ऐकू येतं कळलं की त्याच दिवशी हातोडी काढून घेतात. तू हातोडीशिवाय काय करणार होतास? घरी बसून पाखरं मोजणार?"

"आणि ती मोठी घंटा?"

"बारीक आवाज तुला पोचत नाही हे कळलं. म्हटलं, जाड ओतून बघू, तुझ्यापर्यंत पोचते का. तीन साचे मोडले. तुझं तोंड बघितलं त्या दिवशी, तेव्हा वाटलं, जाऊ दे, आराखड्याचं काय ते बघू नंतर." मग म्हणाला, "आराखड्याचं मात्र मला कळायला हवं होतं. गाढवपणा झाला."

मी म्हटलं, "गाढवपणाचं सगळं श्रेय एकटा घेऊ नकोस." आम्ही दोघं हसलो, आणि मग मला हसता येईना. मी त्याला सगळ्यांसमोर म्हातारे हात म्हणालो होतो. त्याने ते ऐकून घेतलं आणि जाऊन माझ्यासाठी साचे केले. माझ्यावर इतका जीव कुणी लावावा असं मी काय केलं?

तो म्हणाला, "वर जाऊ नकोस. माझं झालंय. दोघांनी कशाला जायचं?" मी वर गेलो. जिन्यावर दोनदा थांबलो.

बाईंना सगळं सांगितलं. पाच घंटा चांगल्या आहेत, साचा माझ्या कानांसाठी बदलला, माझे कान गेले. त्या खुर्चीतून उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि तिकडे तोंड करून काही बोलल्या. मी म्हटलं, "बाई, इकडे वळून बोला." आयुष्यात पहिल्यांदा कुणाला असं सांगितलं. त्या वळल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी नव्हती, डोळे भरले होते. म्हणाल्या, "ओतशाळा चालू राहील. हातोडी मात्र मला काढून घ्यावी लागेल." मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली. दांड्याचं लाकूड माझ्या हाताने खोलगट झालं आहे, दुसऱ्याला ती नीट बसायची नाही.

१३ एप्रिल, रविवार

हिला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे." म्हटलं, तुलाही? म्हणे, "मी समोर येऊन बसते ती काय उजेडासाठी?"

"सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही हो म्हणालात आणि पेपर वाचत बसलात."

तिने माझा हात धरला. मी वडिलांविषयी बोललो, कधी नव्हे ते. मुलीला फोन केला, ही बोलली आणि मी बघत राहिलो.

२१ एप्रिल, सोमवार

महिनाअखेरपर्यंत मला यायची परवानगी आहे, इतिहास पुरा करायला. मीटरवालीने हातोडीला नवा दांडा घातला आणि आधी मला आणून दाखवला. चाकं तपासताना ती नेहमी समोर का उभी राहायची, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. म्हटलं, ओठ आवळायची सवय सोडू नकोस. ती लाजली.

ओताऱ्याने उरलेल्या सात लहान घंटा ओतल्या. जड पाचांतल्या चार पुन्हा वितळवायला घेतल्या. एक त्याने मागे ठेवली, ओतशाळेच्या दारावर टांगली. म्हणे, तू आलास की वाजव, म्हणजे मला कळेल आणि तुलाही.

इतिहासात मी घंटेच्या रिवाजाचा भाग पुन्हा लिहिला. वडिलांचं नाव घातलं.

३० एप्रिल, बुधवार

आज पहिली ट्राम गेली.

दारात उभी होती, रंग ओला वाटावा इतका चकचकीत. बाई, खरेदीवाला माणूस, सगळी शेड. पुस्तकं वाटली. गाडी जाण्याआधी तिच्या जागेवर बसवलेली घंटा एकदा वाजवायची, ती मीटरवालीने वाजवायची होती. मी मागे, लोकांत उभा होतो. ती वर चढली आणि तिथून माझ्याकडे बघितलं. ओताऱ्याने मला कोपरखळी मारली. "जा की."

मी पुढे गेलो. दाराजवळचा लोखंडी खांब तळव्याने धरला. आजच्या ट्रामचा खांब वेगळा, गोल, गुळगुळीत, तरी थंडगारपणा तोच. करवती थांबल्या, पंखे थांबले. मीटरवालीने पाय दाबला.

ठक्. आणि मग ते हातात आलं. बारीक, चढं, मुंग्यांसारखं. कोपरापर्यंत येऊन तिथे राहिलं. मी डोळे मिटले नाहीत, मला सगळ्यांची तोंडं बघायची होती. सगळे स्तब्ध, ओतारी मान खाली घालून, बाई हातातलं पुस्तक छातीशी धरून. थरथर कमी होत गेली, आणखी कमी झाली, आणि मला वाटलं संपली, तर अजून होती. इतका वेळ टिकते हे मला माहीत नव्हतं. वडिलांना माहीत होतं.

मी हात काढला. मीटरवाली माझ्या हाताकडेच बघत होती. तेव्हा तिचे ओठ हलले, "विझली." मग सगळे हलले.

त्यांच्या कानांतून ती आधीच विझली होती का, मी कुणाला विचारलं नाही.